जोडणी यशस्वी

आई गच्चीचा जिना चढायला लागली तेव्हा त्रिशलाला हसू आवरेना. पाण्याच्या टाकीकडे पद्मावतीबाईंनी उभ्या जन्मात कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. ते खातं अप्पांचं.

"आई, गुडघे दुखतात म्हणतीस आणि वर कुठं निघालीस?"

"टाकी वाहालीया. बॉल खराब झालाय तिचा. गेल्या वेळी मीच तार बांधून ठेवली होती."

"तू? तार?"

"मग कोण बांधणार?" आई जिन्यावरूनच म्हणाली आणि वर गेली सुद्धा.

त्रिशला मिरजेला आईवडिलांकडे दर दोन दिवसांनी चक्कर मारायची. सांगली ते मिरज अंतर ते किती, पण नवरा, नोकरी, पोरीची शाळा यातून वेळ काढायचा म्हणजे तारांबळच. गेला महिना-दीड महिना आईच्या वागण्यातल्या अशा गमती तिच्या नजरेत येत होत्या. पेपर शेवटच्या पानापासून वाचणं, बिनसाखरेचा चहा, आणि मधेच हात छातीशी नेऊन खिशातलं पेन चाचपणं. आईच्या पोलक्याला खिसा कधीपासून आला? उलट शिरढोणच्या माहेराबद्दल एरवी तासन्‌तास बोलणारी आई आता त्या गावाचं नाव काढत नव्हती. म्हातारी जोडपी एकमेकांसारखी होत जातात असं सगळेच म्हणतात, त्रिशलाही म्हणाली आणि विषय सोडून दिला.

खरं तर तिनं सोडायला नको होता. कारण माणसाला त्याच्या आठवणी जोडून देणं हाच तिचा धंदा होता.

पाच वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या साथीला डॉक्टरांनी लांबलचक नाव दिलं होतं, लोक मात्र तिला सरळ विसरताप म्हणत. ताप आठवडाभरात उतरायचा आणि माणूस उठून कामाला लागायचा. पण मेंदूत खोलवर एक लहानशी जागा असते, आठवणी जागच्या जागी लावून ठेवणारी आणि मागितल्यावर काढून देणारी. तापानं तिला वाळवी लागायची. चार-पाच वर्षांत माणूस हळूहळू कोरा होत जायचा.

त्यावर निघालेला उपाय ऐकायला सोपा होता. आठवणी बऱ्यापैकी शाबूत आहेत तोवर रुग्णाला हॉस्पिटलात बसवून त्या उतरवून घ्यायच्या. मग कानामागे एक चिप बसवायची आणि घरी टेबलावर एक साधा डेस्कटॉप संगणक ठेवायचा. माणसाच्या आठवणी त्याच्या घराबाहेर साठवायच्या नाहीत असा कायदाच झाला होता, त्यामुळे दूरच्या कुठल्या सर्व्हरचा प्रश्न नव्हता. काही आठवायची वेळ आली की चिप इशारा करते, संगणक डेटाबेसमधली नोंद शोधून परत पाठवतो आणि राहिलेले रंग मेंदू स्वतःच भरून घेतो. ही आठवण टेबलावरच्या डब्यातून आली याचा माणसाला पत्ताही लागत नाही. नव्या आठवणीही त्याच वाटेनं जाऊन तिथंच लिहिल्या जातात.

मधली ती वाट तयार करायची ते त्रिशलाचं काम. संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन नवी जोडणी घ्यायची. ड्रायव्हर निवडायचा, ड्रायव्हर म्हणजे चिपची भाषा डेटाबेसला आणि डेटाबेसची चिपला समजावणारा दुभाषी. जोडणीला एक नाव द्यायचं. त्या नावाखाली डेटाबेस कुठे आहे तो पत्ता घालायचा, पासवर्ड घालायचा, आणि शेवटी 'तपासा' दाबायचं. सगळं जमलं की हिरवी अक्षरं उमटतात: जोडणी यशस्वी. शेकडो घरांत तिनं ही अक्षरं पाहिली होती. प्रत्येक वेळी समोरचं माणूस डोळे मिचकावून विचारायचं, "झालं?" आणि मग आपल्या नातवाला नावानं हाक मारायचं. त्या हाकेसाठी ती ही नोकरी टिकवून होती.

कंपनीचे दोन नियम होते. स्वतःच्या घरची जोडणी स्वतः करायची नाही. आणि जोडणी झाल्यावर दुसऱ्या माणसानं रुग्णाला खूणप्रश्न विचारायचा, म्हणजे ज्याचं उत्तर फक्त त्या रुग्णालाच ठाऊक असेल असा. अप्पा आणि आई दोघांच्याही चिपा बसल्या तेव्हा त्रिशलानं हे नियम गुंडाळून ठेवले. माझ्याच आईबापाच्या डोक्यात परक्या माणसानं हात घालायचा? तिनं रजा काढली, अप्पांची जोडणी केली, आणि आपण सगळेच करतो तसं दुसरी नव्यानं न करता पहिलीचीच कॉपी घेतली. 'अप्पा' पुसून 'आई' लिहिलं. तपासलं. हिरवी अक्षरं आली.

खूणप्रश्नही तिनंच विचारला. "आई, माझं पाळण्यातलं नाव काय गं?"

"चिमी," आई म्हणाली. त्रिशला तिच्या गळ्यात पडून रडली.

*

टाकीच्या त्या प्रसंगानंतर दोन दिवसांनी ती आली तेव्हा आई जेवली नव्हती. ताट तसंच झाकून ठेवलेलं. अप्पा बाहेरच्या सोप्यात पेपर उघडून बसले होते, पण पान उलटत नव्हते.

"कालपण जेवली नाही," ते पेपरातूनच म्हणाले.

आई मधल्या खोलीत पलंगावर बसली होती. त्रिशला शेजारी टेकली तसा आईनं तिचा हात धरला.

"मी सन्मतीला फोन केला," ती म्हणाली.

त्रिशला चमकली. सन्मती तिचा धाकटा भाऊ. साथ आली तेव्हा तो पुण्यात होता, ती बंगलोरला अडकलेली. आईवडील दोघंही तापानं फणफणलेले असताना तो आला नाही. नंतर नागपूरला नोकरी धरली आणि घराशी संबंधच तोडला. त्रिशलाशी सणासुदीला बोलायचा. का आला नाहीस, विचारलं की "जमलं नाही अक्का" एवढंच. आईनं ते इतकं मनाला लावून घेतलं होतं की त्याचा फोटोसुद्धा कपाटात गेला होता.

"तू? तूच फोन केलास?"

"मग काय करू? चूक माझीच की." आईचे डोळे भरून आले. "तो आला होता गं. साथीत. पुण्यासनं कसा आला देव जाणे, तोंडाला फडकं, पाठीवर पिशवी. मी दार उघडलं. आणि त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. म्हटलं, पुण्यात घरोघरी ताप आहे, तो इथं घेऊन येऊ नको. जा. म्हणाला, एक घोट पाणी तरी द्या. ते पण दिलं नाही मी. दार लावून घेतलं."

त्रिशलानं हात सोडवून घेतला, आणि सोडवून घेतला याचं तिला स्वतःलाच वाईट वाटलं. पाच वर्षं ही बाई पोराच्या नावानं उसासे टाकत होती. "आलं नाही माझं लेकरू," म्हणून शेजारणींपुढं रडत होती. आणि सगळं माहीत असून?

"आई, मग इतके दिवस तू..."

"मला कळत नाही गं. मी अशी बाई नव्हे. पोटच्या पोराला पाणी न देणारी मी नव्हे. पण आठवतंय तर! सगळं आठवतंय. बेल वाजली ती पण. गालाला साबण तसाच होता, अर्धा गाल व्हायचा होता अजून. तसंच जाऊन दार उघडलं."

"अर्धा गाल म्हणजे?"

आईनं मान जराशी वळवली, गाल आतून जिभेनं फुगवला आणि दोन बोटं कानापासून हनुवटीपर्यंत ओढली. "असं. एकीकडचा झाला होता."

त्रिशला तिच्याकडे बघतच राहिली. मग ती उठली आणि पलीकडच्या खोलीत संगणकापुढं जाऊन बसली.

जोडण्यांची चौकट उघडली. वर 'अप्पा'. त्याखाली 'आई'. तिनं 'आई'वर टिचकी मारली. ड्रायव्हर बरोबर. खाली डेटाबेसचा पत्ता: भूपाल, म्हणजे अप्पांचा.

दुसऱ्या जोडणीचं नुसतं नाव बदललं होतं. पत्ता बदलायचा राहिला होता. 'पद्मावती' नावाचा डेटाबेस पहिल्या दिवसापासून शेजारी बंद पडून होता, त्याला कुणी हातही लावला नव्हता. हिरवी अक्षरं खोटं बोलली नव्हती. दार उघडतं का, एवढंच ती सांगतात. घर कुणाचं ते सांगत नाहीत.

आणि पाळण्यातलं नाव! ते आईला माहीत होतं तसं अप्पांनाही माहीत होतं. परका माणूस असता तर त्यानं आईला तिच्या माहेरच्या विहिरीबद्दल विचारलं असतं. लेकीनं विचारलं ते लेकीबद्दल. त्रिशलानं कपाळावर हात मारून घेतला.

चिप तयार करणाऱ्यांना वाटत होतं की एकाची आठवण दुसऱ्याच्या मेंदूत गेली तर नुसता गोंगाट होईल. परक्या माणसांत तसंच होतही असेल. पण ही दोघं चाळीस वर्षं एका छपराखाली राहिलेली. तीच माणसं, तेच आवाज, तोच जिना. एकाचं कुलूप दुसऱ्याच्या किल्लीनं उघडावं इतके त्यांचे मेंदू सारखे झाले होते. आणि आठवणीवर काही मालकाचं नाव लिहिलेलं नसतं. जी आठवते ती आपली, एवढंच मेंदूला ठाऊक.

तिनं नोंदी चाळून पाहिल्या. दीड महिन्याच्या दोघांच्याही नव्या आठवणी त्या एकाच डेटाबेसमध्ये एकमेकींत मिसळून पडल्या होत्या. वेळ होती, वास होते, आवाज होते. ही कुणाची, ते लिहायला रकानाच नव्हता. एका माणसाच्या डेटाबेसमध्ये तो कशाला हवा, असं करणाऱ्याला वाटलं असणार. वेगळ्या काढायची सोय नव्हती.

मागं चपलांची फरफर झाली. अप्पा दारात उभे होते.

"सापडलं?" त्यांनी विचारलं.

त्रिशला गर्रकन वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

अप्पा आत आले, दार ओढून घेतलं आणि खुर्चीच्या कडेवर बसले. भूपाल चौगुले म्हणजे गल्लीत दरारा असलेला माणूस. आयुष्यभर हायस्कुलात पोरांना गणित शिकवलं, चुकीला माफी दिली नाही. आज त्यांना हाताचं काय करावं ते सुचत नव्हतं.

"मला आठवालंय की मी सन्मतीला फोन केला," ते म्हणाले. "माफी मागितली. रडलो. तो म्हणाला, रविवारी येतो. त्रिशला, मी फोनला हातसुद्धा लावला नाही गं. सोप्यात बसलो होतो, आत तुझी आई बोलत होती. पण आठवताना मीच बोलतोय. तेव्हाच समजलं काहीतरी उलटंपालटं झालंय."

"आणि तुम्ही गप्प बसलात? ती जेवत नाही अप्पा. तुमचं पाप ती डोक्यावर घेऊन फिरालीया, आणि तुम्ही पेपर वाचताय?"

"पाप म्हण. म्हण." अप्पा म्हणाले. "तिला दमा. आत ती झोपलेली. पोराला आत घेतलं असतं आणि हिला काही झालं असतं तर? तेवढंच डोक्यात होतं. पंधरा दिवसांनी ताप आलाच घरात. दूधवाल्याकडनं आला. मग कुठल्या तोंडानं सांगायचं? रोज म्हणायचं उद्या सांगू. ती त्याला नावं ठेवायची आणि मी ऐकायचो. पाच वर्षांत पहिल्यांदा गेल्या आठवड्यात झोप लागली मला. माफी मागितल्याचं आठवलं म्हणून. आपण केलेलं नाही हे माहीत आहे, तरी बरं वाटतंय. असलं कसलं यंत्र बसवलंस गं?"

त्रिशलाला त्यांचा संताप आला आणि त्यांची कीवही आली, आणि दोन्ही एकदम आल्यानं तिला धड भांडताही येईना.

"रविवार होऊ दे," अप्पा अजिजीनं म्हणाले. त्यांना अजिजी करताना तिनं आजवर पाहिलं नव्हतं. "पोरगा येऊ दे. ती माफी मागेल, तो करेल. घर पुन्हा एक होईल. सोमवारी तू काय ते नीट कर. तिचं तिला आठवेल, मधलं विसरेल. कुणाचं काय बिघडतंय? तुझीपण चूक कुणाला कळायची नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम टाकलं की सहज, देव जाणे. पण ते बरोबर जागी लागलं. नियम मोडून घरी जोडणी केली, तीही चुकीची, हे बाहेर आलं तर नोकरी गेलीच. त्रिशला उठली.

*

संध्याकाळी सांगलीला परतताना वाटेत गाडी बाजूला घेऊन तिनं सन्मतीला फोन लावला.

"आईनं फोन केला म्हणे तुला."

"केला की." त्यानं आवाज खाली घेतला. "अक्का, दार आईनं उघडलं नव्हतं."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे? बरं." त्यानं श्वास सोडला. "पाच वर्षं मी तुला सांगितलं नाही. अप्पांनी तिला सांगितलं नाही हे मला तुझ्या बोलण्यावरनं समजलं होतं, म्हटलं कशाला त्यांच्यात लावा. आता तिला कुठनंतरी कळलंय आणि ती सगळं स्वतःवर घ्यालीया. त्यांना वाचवायला. घर सांधायला आई एवढं खोटं बोलत असेल, तर मी न येऊन कसं चालेल? येतोय रविवारी."

ती खोटं बोलत नाही, असं त्रिशलाच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं. तो येतोय ना, मग येऊ दे. अप्पा म्हणाले तसंच करावं, सोमवारी बघू. रात्रभर तिनं स्वतःला हेच समजावलं.

शनिवारी दुपारी ती गेली तेव्हा आई आरशासमोर उभी होती. केस विंचरत नव्हती, नुसती बघत होती. दोन दिवसांत तोंड एवढंसं झालं होतं.

"त्रिशला, मला माझी ओळखच लागंना झालीया," ती म्हणाली. "शिरढोणचं काही आठवत नाही. माझी आई कशी दिसायची, आठवत नाही. आठवतंय ते हे एवढंच, तो दारात उभा, आणि मी... अशी कशी गं झाले मी?"

त्रिशलाचा धीर सुटला. नोकरी, रविवार, घर एक होणं, सगळं त्या आरशापुढं फिकं पडलं. आपल्या आईला आपण आपल्या हातानं दुसरंच कुणीतरी करून ठेवलं होतं, आणि ते आणखी एक दिवस तसंच ठेवायचा विचार करत होतो, याची तिला लाज वाटली.

"आई, तुझ्या मशीनमध्ये बिघाड झालाय. माझ्याच हातनं. मी नीट करते. पण गेल्या दीड महिन्यातलं तुला काही आठवणार नाही."

"सन्मती येणार आहे ते?"

"ते पण नाही. मी सांगीन तुला."

"सांगशील नव्हे नक्की?"

"नक्की."

"मग कर बाई. लवकर कर."

त्रिशलानं 'आई' जोडणी उघडली. 'भूपाल' पुसलं, 'पद्मावती' लिहिलं, पासवर्ड घातला, तपासा दाबलं. तीच हिरवी अक्षरं आली. तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मागं वळून विचारलं, "आई, शिरढोणला तुमच्या विहिरीवर काय होतं गं?"

आईनं डोळे मिचकावले. "विहिरीवर? उंबर होता की. भावानं त्यावर माझं नाव कोरलं होतं, म्हणून मार खाल्ला होता." मग इकडंतिकडं बघत म्हणाली, "अगं, मी जेवले नाही का आज? किती भूक लागलीया!"

तिला वाढून दिल्यावर त्रिशलानं सांगितलं की उद्या सन्मती येतोय. आईचा घास हातातच राहिला. आधी चेहरा उजळला, मग ओळखीचा जुना राग हळूहळू त्यावर आला. "आता येतोय? आईबाप मरायला टेकली होती तेव्हा सवड झाली नाही. येऊ दे. विचारणार आहे मी त्याला."

अप्पा दारात उभे राहून ऐकत होते. त्रिशला हात धुवायला उठली तेव्हा त्यांच्याजवळ थांबली.

"मी तिला काही सांगणार नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "ते तुमचं आहे. माफी कशी मागायची ते तुम्हाला आठवतंय ना? सगळे शब्द आठवत असतील. आता तोंडानं बोला."

अप्पा सोप्यात जाऊन बसले.

*

रविवारी सकाळी अप्पांनी दाढी केली नव्हती. पांढरे खुंट तसेच घेऊन ते सोप्यात बसले होते. चहा दोनदा गार झाला. आईनं मात्र इरकली नेसली होती, आणि राग आहे हे दिसावं म्हणून स्वयंपाकघरातनं भांडी आपटल्याचा आवाज येत होता. तिथं सन्मतीला आवडणाऱ्या हुग्ग्याच्या गोड खिरीसाठी गहू शिजत होते.

बेल वाजली. अप्पा अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. दार आईनं उघडलं.

सन्मती उंबऱ्याबाहेर उभा होता. कानाजवळ केस पांढरे झालेले, पाठीवर पिशवी. तो वाकायला गेला, तोच आई म्हणाली, "पाया नंतर पड. आधी सांग, एवढ्या तापात का आला नाहीस?"

सन्मती वाकलेला तसाच राहिला. ज्या आईनं आठवड्यापूर्वी फोनवर रडून रडून माफी मागितली तीच आज हे विचारत होती. त्यानं गोंधळून त्रिशलाकडे पाहिलं. त्रिशलाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं मदत केली नाही. मग त्याची नजर आईच्या खांद्यावरून आत, सोप्यात गेली, आणि क्षणभर तिथंच थांबली.

"जमलं नाही आई," तो म्हणाला. "गाड्या बंद होत्या. चुकलं माझं."

आईनं नाक ओढलं. एवढ्यानं तिचा राग निम्मा उतरला होता. "मेल्या, निदान फोन तरी," ती म्हणाली आणि त्याला आत घ्यायला बाजूला झाली. इतकं सोपं होतं. पोरानं स्वतःहून पडदा टाकून दिला होता, अप्पांनी नुसतं बसून राहायचं होतं.

अप्पा उठून उभे राहिले.

"तो आला होता," ते म्हणाले.

आई वळली. "कोण? कधी?"

अप्पांचा एक हात आपोआप गालाकडे गेला. दुसऱ्या हातानं त्यांनी भिंतीचा आधार घेतला होता. आईकडे पाहायचं त्यांना धाडस होत नव्हतं, तरी ते तिच्याकडेच पाहत होते.

"पद्मा, मी दाढी करत होतो," ते म्हणाले. "बेल वाजली."